बाळाचें नांव आणि भाषेंतला शब्द

बाळबाळंतिणीच्या सुश्रूषेंत दहा दिवस कसे निघून जातात हें घरांतल्या कोणालाच कळत नाहीं. आणि बाराव्या दिवसाचें बारसें उंबरठ्याशीं येऊन उभें राहिलें, कीं घरोघर एक गोड तंटा सुरू होतो. पाळणा टांगलेला असतो, घुगऱ्या भिजत पडलेल्या असतात, आत्याबाई नव्या लुगड्याची घडी मोडून तयार असतात. परंतु बाळाच्या कानांत जें सांगावयाचें, तें मात्र अजून ठरलेलें नसतें.

अशाच एका सुशिक्षित घराची कल्पना करावी. मुलाच्या आईबापांनीं नांव निवडलें आहे ‘शब्द’. आजोबा चष्मा कपाळावर सारून विचारतात, “शब्द? अरे, हें नांव झालें कीं नुसता शब्दच झाला?” आजींची अडचण निराळी. त्या म्हणतात, “शेजारीण विचारील, शब्द कुठें आहे? मीं काय सांगावें, तोंडांत आहे म्हणून?” त्यावर सूनबाई हळूच म्हणतात, “आई, तुमच्या मामंजींचें नांव धोंडोपंत होतें. धोंडा हाही शब्दच नव्हे का?” आजी निरुत्तर होतात, पण त्यांचें समाधान होत नाहीं. आणि त्यांचें समाधान होऊं नये हें एका अर्थीं योग्यच आहे. कारण या घरगुती तंट्याच्या पोटांत एक खरा प्रश्न दडलेला आहे. जो शब्द दिवसांतून दहा वेळां सर्वांच्या तोंडीं येतो, तो एका मुलाच्या गळ्यांत आयुष्यभरासाठीं बांधावा काय?

मराठी भाषेनें या प्रश्नाचें गांभीर्य फार पूर्वीच ओळखलेलें दिसतें. ‘नांव ठेवणें’ म्हणजे नामकरण करणें, आणि ‘नांवें ठेवणें’ म्हणजे दोष काढणें. दोहोंमध्यें अंतर केवळ एका वचनाचें! एकवचनीं जो संस्कार, तोच अनेकवचनीं निंदा होतो. बारशाच्या दिवशीं आईबाप नांव ठेवतात. पुढें शाळेंत सोबती नांवें ठेवतात. पहिल्या कृतींत जर थोडा विचार केलेला असेल, तर दुसरीचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

वस्तुतः प्रत्येक नांव हें मुळांत शब्दच असतें. यास्काच्या निरुक्तांत या विषयावरचा जुना वाद नोंदलेला आहे. सर्व नामें धातूंपासूनच निघालेलीं आहेत असें शाकटायनाचें मत. सगळींच तशीं नाहींत असें गार्ग्याचें म्हणणें. पुढें पतंजलीनें महाभाष्यांत शब्दांचे प्रकार सांगतांना जाति, गुण आणि क्रिया सांगणाऱ्या शब्दांच्या शेजारीं यदृच्छाशब्दांना जागा दिली. म्हणजे ज्यांना अर्थाचा आधार नाहीं, केवळ ठेवणाऱ्याची इच्छा हाच ज्यांचा आधार, असे शब्द. ‘डित्थ’ हें त्याचें परंपरागत उदाहरण. डित्थ म्हणजे काय, असें कोणी विचारीत नाहीं. डित्थ म्हणजे तो मनुष्य, एवढेंच उत्तर पुरतें.

राम, विष्णु, गणेश, केशव हीं नांवें अर्थहीन नाहींत. पण त्यांचा अर्थ देवतेच्या मूर्तीमागें लपलेला आहे. ‘गणेश’ म्हटलें म्हणजे गणांचा ईश हा विग्रह कोणाच्या मनांत येत नाहीं, सोंडेची मूर्ति येते. देवाचें नांव हें मुलाच्या डोक्यावरचें छत्र असतें. नुसता शब्द नांव म्हणून घेतला, कीं तें छत्र नाहींसें होतें, आणि अर्थाचें ऊन सरळ डोक्यावर पडतें. विनोद नांवाचा मुलगा गंभीर असला तरी लोक हंसतात, आणि आनंद नांवाचा मुलगा रडला तरी हंसतात. नवेपणाची ही खरी किंमत आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं नांवाचे नियम बारकाईनें बांधले होते. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणें मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, त्याच्या आरंभीं घोष वर्ण असावा, मध्यें य, र, ल, व यांपैकीं एखादा अंतःस्थ असावा, आणि नांव कृदंत असावें, तद्धितांत नसावें. या कसोटीला ‘रवि’ हें नांव उत्तम उतरतें. ‘शब्द’ मात्र पहिल्याच पायरीवर घसरतो, कारण श हा अघोष. परंतु आजोबांनीं एवढ्यावर विजय मानूं नये. हाच नियम अक्षरशः लावला तर केशव, कृष्ण, शंकर आणि खुद्द शिवाजी हींही नांवें बाद होतील! समाजानें सूत्रें मस्तकीं धरलीं, पण नांवें आपल्या जिभेनें आणि जिव्हाळ्यानेंच निवडलीं.

याच शास्त्राला एक काळी बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणाचें नांव मंगलवाचक, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक आणि शूद्राचें निंदावाचक असावें असें सांगितलें आहे. येथें शब्द हा अलंकार राहत नाहीं, तो डाग होतो. मूल पाळण्यांत असतांनाच त्याची पायरी त्याच्या कानांत सांगून ठेवावयाची, हा त्या नियमाचा हेतु होता. १९५६ सालीं नागपूर येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रांतल्या हजारों घरांत मुलांचीं नांवें सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद अशीं ठेवलीं जाऊं लागलीं. बाहेरून पाहणाऱ्याला तो केवळ नांवांचा पालट वाटेल. परंतु मुलाला कोणत्या शब्दानें हांक मारावयाची हें आतां आम्हीच ठरवणार, अशी ती घोषणा होती.

निंदावाचक शब्द प्रेमानेंही ठेवले जात, हें मात्र विसरतां कामा नये. धोंडू, दगडू, कचरू, भिकू हीं नांवें महाराष्ट्रांत शेंकडों वर्षें चालत आलीं. ज्या आईचीं आधींचीं मुलें दगावलीं, ती पुढच्या मुलाला मुद्दाम हलकें नांव देई. हा दगड आहे, हा कचरा आहे, हा भीक मागून आणलेला आहे, याला नेऊन मृत्यूला काय लाभ? अशी ती भाबडी फसवणूक. मुलाच्या नाकांत नथ घालून त्याला ‘नथू’ म्हणणें हा त्याच जातीचा उपाय. हा उपाय केवळ आपल्याकडचाच नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांत ‘कोसोको’ असें नांव आढळतें. त्याचा अर्थ ‘कुदळ नाहीं’, म्हणजे खड्डा खणावयास साधन नाहीं, तेव्हां बाळा, तूं जाऊं नकोस. एकोणिसाव्या शतकांत लागोसच्या एका राजाचें हेंच नांव होतें. दोन खंडांतल्या दोन आयांनीं एकमेकींना न पाहतां मृत्यूला एकच उत्तर दिलें. ज्यांना दगडू हें नांव ऐकून हंसूं येतें, त्यांनीं त्या दगडाखालीं किती अश्रु मुरले आहेत, तेंही पाहावें.

चमत्कारिक नांवाचें एक जुनें उदाहरण ऐतरेय ब्राह्मणांत आहे. अजीगर्त नांवाच्या दरिद्री ऋषीला तीन मुलगे होते : शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नांवांचा अर्थ कुत्र्याच्या शेंपटाकडेच जातो. मधल्या शुनःशेपाला बापानें शंभर गाईंच्या मोबदल्यांत बळी म्हणून विकलें. तो मुलगा यूपापासून सुटला, ऋग्वेदांतल्या सूक्तांचा ऋषि ठरला, आणि विश्वामित्रानें त्याला पुत्र मानून ‘देवरात’, म्हणजे देवांनीं दिलेला, असें सुंदर नांव दिलें. पण लोकांनीं कोणतें नांव लक्षांत ठेवलें? तें जुनें, वेडेंवांकडें शुनःशेप हेंच. मनुष्य मोठा झाला, कीं शब्दाचा अर्थ त्याच्या पायाशीं गळून पडतो.

हेंच मर्म पाली जातककथांतल्या ‘नामसिद्धि’ कथेंत सांगितलें आहे. तक्षशिलेच्या एका आचार्यांचा ‘पापक’ नांवाचा शिष्य आपल्या नांवाला कंटाळला. आचार्य म्हणाले, “जा, देशांत हिंडून मनासारखें नांव शोधून ये.” शिष्य निघाला. वाटेंत एक प्रेतयात्रा दिसली; मृताचें नांव होतें ‘जीवक’. पुढें एका दासीला मजुरी आणली नाहीं म्हणून मार बसत होता. तिचें नांव ‘धनपाली’. त्याहून पुढें एक मनुष्य वाट चुकून भटकत होता. त्याचें नांव ‘पंथक’. पापक निमूटपणें परत आला आणि आपल्याच नांवावर संतुष्ट राहिला. आपल्याकडची ठणठणपाळाची गोष्ट याच वळणाची आहे. आणि नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा, ही म्हणही त्याच अनुभवांतून निघालेली आहे. मुलाला मोठ्या अर्थाचा शब्द देणारांनीं ही कथा जरूर आठवावी. शब्द जेवढा उंच, तेवढी त्याची सांवली लांब.

उलट दिशेचेंही एक उदाहरण मराठी इतिहासांत आहे, आणि तें हृदयाला चटका लावणारें आहे. नानासाहेब पेशव्यांच्या थोरल्या मुलाचें नांव विश्वास. नांव शब्दाचें, अर्थ उघड. १४ जानेवारी १७६१ रोजीं हा कोवळा विश्वासराव पानिपतावर गोळी लागून पडला. दक्षिणेकडे जी सांकेतिक वार्ता आली, तींत माणसांच्या नांवांऐवजीं वस्तूंचीं नांवें होतीं, आणि गेलेल्या दोन मोत्यांपैकीं एक तो होता. त्यानंतर मराठी बोलींत एक उद्गार रूढ झाला. कोणी “माझ्यावर विश्वास ठेव” म्हटलें, कीं ऐकणारा म्हणतो, विश्वास तर पानिपतांत गेला! आज तो थट्टेनें उच्चारला जातो. पण एका मुलाचें नांव भाषेंतल्या शब्दाशीं कसें कायमचें जोडलें जातें, याचा याहून मोठा दाखला मिळणें कठीण. शब्द मुलाला अर्थ देतो, तसाच मुलगाही शब्दाला अर्थ देऊन जातो.

आतां भाषेचा विचार. शब्दाचें नांव झाल्यावर मराठी व्याकरणानें त्या दोहोंना वेगळें ठेवण्याची मोठी गंमतीची सोय केली आहे. पूर्वीच्या पिढ्या ‘रामानें’, ‘गोविंदाला’ असें विशेषनामांचेंही सामान्यरूप करीत. नव्या बोलींत विशेषनाम तसेंच ठेवून प्रत्यय लावण्याची चाल पडली. त्यामुळें ‘विश्वासानें काम केलें’ म्हणजे भरंवशानें केलें, आणि ‘विश्वासनें काम केलें’ म्हणजे त्या नांवाच्या मुलानें केलें. ‘विश्वासाला तडा गेला’ ही दुःखाची गोष्ट, ‘विश्वासला ताप आला’ ही औषधाची गोष्ट. एका काना-मात्रेच्या फरकानें शब्द आणि मनुष्य वेगळे होतात.

दुसरी सोय लिंगाची. यश, तेज, आकाश, क्षितिज हे शब्द नपुंसकलिंगी आहेत; मुलाचें नांव होतांच ते पुल्लिंगी होतात. ‘यश आलें नाहीं’ हें ऐकून बाप खिन्न होईल. ‘यश आला नाहीं’ हें ऐकून तो शाळेच्या रस्त्याकडे पाहील. पण जे शब्द मुळांतच पुल्लिंगी आहेत, त्यांना ही ढाल नाहीं. ‘प्रकाश पडला’ हें वाक्य ऐकून दिवा पाहावा कीं मुलाचा गुडघा पाहावा, हें क्षणभर समजत नाहीं. ‘शब्द’ हाही पुल्लिंगीच. आणि त्याच्याभोंवतीं तर वाक्प्रचारांचें दाट रान आहे. शब्द देतात, शब्द पाळतात, शब्द फिरवतात, शब्द मोडतात, शब्द खालीं पडूं देत नाहींत. या प्रत्येक वाक्प्रचाराशीं त्या मुलाची गांठ पडणार आहे, हें आईबापांनीं आधींच जाणून घ्यावें.

तेव्हां असा शब्द निवडणाऱ्या घरानें कांहीं साध्या परीक्षा अवश्य कराव्या. पहिली परीक्षा हांकेची. गॅलरींत उभें राहून तो शब्द मोठ्यानें तीनदां उच्चारावा; लाजल्यासारखें वाटलें तर तो शब्द सोडावा. दुसरी परीक्षा आडनांवाची. मराठी आडनांवें पुष्कळदां स्वतःच शब्द असतात. त्यामुळें ‘मौन गोडबोले’ किंवा ‘मधुर कडू’ अशी जोडी जमून जाते, आणि मुलाला जन्मभर स्पष्टीकरण करीत बसावें लागतें. तिसरी परीक्षा शेजारच्या भाषेची. ‘राग’ म्हणतांच हिंदी मनुष्याला तंबोरा ऐकूं येईल, मराठी मनुष्य मात्र कोणावर रागावलें म्हणून विचारील. चौथी परीक्षा रोमन लिपीची. ‘हर्ष’ हें केवढें प्रसन्न नांव! पण इंग्रजी अक्षरांत तें अनेकदां अशा रीतीनें लिहिलें जातें, कीं परदेशांतला शिक्षक तें ‘हार्श’ असें वाचतो, आणि त्या शब्दाचा इंग्रजी अर्थ कठोर असा आहे. पांचवी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे वयाची. बाळ सदैव बाळ राहत नाहीं. त्या नांवापुढें ‘काका’, ‘साहेब’ आणि ‘आजोबा’ हीं पदें लावून पाहावीं. जें नांव तिन्हींना शोभेल, तें टिकेल.

आणि एक परीक्षा न्यायाची. नांव ठेवण्याचा अधिकार आईबापांचा, पण तें वागवावयाचें मुलानें. १९९३ सालीं जपानांत तोक्योजवळच्या अकिशिमा येथें एका दांपत्यानें आपल्या मुलाचें नांव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, असें नोंदवावयास दिलें. नगर-कचेरीनें त्याला हरकत घेतली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, देशभर वाद माजला आणि शेवटीं त्या मुलाला दुसरें नांव देण्यांत आलें. आपल्याकडेही हंसण्यासारखी परिस्थिति नाहीं. मुलगा हवा असतांना मुलगी झाली म्हणून तिला ‘नकुशी’ म्हणण्याची क्रूर चाल महाराष्ट्रांत होती. २०११ सालीं सातारा जिल्ह्यांत समारंभपूर्वक अशा अडीचशेंहून अधिक मुलींना नवीं नांवें देण्यांत आलीं. दगडू या नांवांत मृत्यूला फसवण्याची माया होती. नकुशी या नांवांत माया नव्हती. दोन्ही हलकेच शब्द. पण एकामागें छाती होती, दुसऱ्यामागें पाठ होती. शब्दाचा कोशांतला अर्थ पाहून भागत नाहीं, तो कोणत्या मनानें दिला गेला तेंही पाहावें लागतें.

सुदैवानें नांवाची घाई करण्याचें कारण नाहीं. १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्यानें नांवावांचूनही जन्माची नोंद होते आणि नांव मागाहून देतां येतें. जुन्या रीतींतही एकाच नांवाचा हट्ट नव्हता. नामकरणांत देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशीं चार नांवें सांगितलेलीं आहेत. म्हणजे आजोबांचा देव, पंचांगांतलें नक्षत्र आणि आईबापांची हौस या सर्वांना त्या एका पाळण्यांत जागा होती. नवें नांव थोर मनानें दिलें तर तें कसें शोभतें, याचें उदाहरणही जवळचेंच आहे. १९३३ सालीं शांतिनिकेतनांत जन्मलेल्या एका मुलाला रवींद्रनाथांनीं ‘अमर्त्य’ असें नांव दिलें. तेव्हां तें अनोळखी वाटलें असेल. पुढें अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञामुळें तें जगाच्या तोंडीं बसलें.

पुन्हा त्या पहिल्या घरांत यावें. आजोबांनीं चष्मा डोळ्यांवर घेतला आहे, आणि ते विचार करीत आहेत. त्यांना आपल्या वडिलांची, धोंडोपंतांची, आठवण झाली असेल. महाराष्ट्राला दुसरे एक धोंडोपंतही ठाऊक आहेत : धोंडो केशव कर्वे. त्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापन केलें, १९५८ सालीं ते भारतरत्न झाले आणि शंभरी ओलांडून १९६२ सालीं निवर्तले. त्यांचें नांव घेतांना धोंड्याचा अर्थ कोणाच्या मनांत येतो? आणि आलाच तर तो पायाच्या दगडाचा येतो.

अखेर आजोबा म्हणतात, “ठेवा शब्द हेंच नांव. पण एक लक्षांत असूं द्या. मुलगा मोठा होईपर्यंत या घरांत दिलेला शब्द कोणी मोडावयाचा नाहीं. नाहींतर तो विचारील, माझें नांव कशासाठीं ठेवलें?” आजी हंसतात आणि आत्याबाईंना पाळण्याकडे बोलावतात. आत्याबाई वांकून बाळाच्या कानांत कुर्र करतात, त्यांच्या पाठीवर चार बुक्के बसतात, आणि भाषेंतला एक जुना शब्द नव्यानें जन्माला येतो. त्याचा अर्थ काय, हें कोशकारानें नव्हे, त्या मुलानें ठरवावयाचें आहे; आणि तो ठरेपर्यंत त्याची लाज राखणें, हें त्याच्या घराचें काम आहे.